दादाची घासलेली नाणी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कोठीच्या बाजारात दादासाठी मोजे घेत होते. "कमलताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. दुकानदारानं मोजे पिशवीत घातले, मी पैसे दिले आणि ती पिशवी घेऊन कुकटपल्लीला त्यांच्या घरी निघाले. आता ते कुणाला घालणार, हे रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं...

माझा हा मोठा भाऊ कॉलेजात इतिहास शिकवायचा. पण त्याचा सगळा जीव उत्तर रोमन काळातल्या काशाच्या नाण्यांत. जहाजांतून आपल्या किनाऱ्याला आलेली, नदीकाठच्या शेतांत सापडणारी, नखाएवढी, काळी-हिरवी. सोन्याची असती तर आम्हीही कौतुक केलं असतं! लोक ती औषधाच्या डबीतून आणायचे आणि दादा बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून एकेक नाणं तिरक्या उन्हात धरायचा. मी शेजारी बसून राजाचा चेहरा शोधायची.

"चेहऱ्याच्या मागं कायकू लागलीस? सगळे राजे सारखेच दिसतेत. उलटं कर."

मागच्या बाजूला बऱ्याचदा एक तिरकी रेघ तेवढी उरलेली असे. "हा भाला," तो म्हणायचा, "म्हणजे खाली घोड्यावरून पडलेला माणूस असणार." आणि खरंच, त्या माणसाचा वर उचललेला हात दिसू लागायचा. मग ते कोणत्या बादशहाच्या काळातलं, हेही तो सांगायचा. उगाच अंदाजानं नाव मात्र कधी घेतलं नाही. "माफ करा, नाही ओळखू आलं," म्हणून डबी परत करायचा.

मग तो विसरण्याचा आजार आला. आधी नाणी गेली, नंतर माणसं. एक दिवस तो वहिनीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला आणि अदबीनं म्हणाला, "माफ करा, नाही ओळखू आलं." मलाही तेच. मला सायकलवर पुढं बसवून शाळेत नेणाऱ्या भावानं मला 'आपण' म्हणावं! मी संतापले, रडले आणि चप्पल पायात सरकवून तरातरा निघाले, तर मागून आवाज आला, "कमे, चप्पल घासत चालू नको."

मी गर्रकन वळले. त्यानं माझा चेहरा पाहिला, आणि पुन्हा मी परकी झाले.

त्यानंतर प्रत्येक भेट अशीच. तासभर परक्यासारखं बसायचं, आणि भाऊ भेटायचा तो फक्त निघताना. कधी कधी मी वेड्यासारखी दारापर्यंत जाऊन परत येई. वहिनीनंही एकदा तसं करून पाहिलं. तिला पाठमोरी पाहूनही तो काहीच बोलला नाही. ती बिचारी त्याला सोडून कधी कुठं गेलीच नव्हती. त्या दिवशी स्वयंपाकघरात तिच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

शेवटच्या भेटीत मी मुद्दाम चप्पल जोरात घासली. थांबले... पुन्हा घासली. खोलीतून काही आलं नाही. त्याचे पाय गार पडले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मोजे घ्यायला गेले होते.

नाणी वहिनीनं संग्रहालयाला देऊन टाकली. खिडकीशी खुर्ची तशीच आहे. मी वहिनीकडे जाते, चहा घेते, उठते, आणि सवयीनं दाराशी चप्पल घासते. काल तशीच निघाले होते, तर आतून वहिनी म्हणाली, "कमे, चप्पल घासत चालू नको."

मी वळून पाहिलं नाही.