‘हूं’चं बटण

गेम बनवायला बसलं की गेम राहतो बाजूला, किस्सेच साठत जातात. चंद्रपुरात झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही तिघं: कोडिंग माझं, चित्रं सुधीरची, गोष्ट वनिताची. वनिता भामरागडकडची. पलीकडच्या गावात कुणीतरी तापानं फणफणलेलं, म्हणून तिचा थोरला भाऊ औषध घेऊन पुराच्या नदीत डोंग्यानं निघाला. परत आला नाही. गेमची गोष्ट तीच.

"मायले दाखवाची हाय," पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली. "तवापासून माय त्याचं नाव काढत नाई."

*

सुधीरचं एकच टुमणं. "प्लेअरला चॉइस पाहिजे! तीन रस्ते दे, तीन शेवट दे. बुडाला तर पुन्हा खेळू दे!"

"नदीनं कुठी देला होता चॉइस?" वनिता म्हणाली.

सुधीरनं काढून ठेवलेली दोन सुखी शेवटांची चित्रं गुपचूप पुसली.

*

पहिली टेस्ट कॉलेजच्या पोरांवर. पठ्ठ्यांनी सगळे संवाद स्किप केले आणि नदीवर पोचल्यावर विचारलं, "हा कोण? कुठी चालला?"

वनिता भडकली. "मी गोष्ट सांगून राह्यली अन् तुम्ही उठून चालले!" स्किपचं बटण त्याच दिवशी काढलं.

*

एटापल्लीत एका आजोबांच्या हातात मोबाइल दिला. स्क्रीनवर एक वाक्य आलं, खाली ‘नेक्स्ट’चं बटण. आजोबांनी वाचलं, "हूं" म्हणाले आणि थांबले. स्क्रीनही थांबलेली. पुन्हा जोरात "हूं!" शेवटी माझ्याकडे वळले, "भाऊ, तुमचा मोबाइल बहिरा हाय काय?"

मी हसलो. वनिता नाही हसली. तिच्या भागात गोष्ट ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हूं म्हणायचं असतं. हूं थांबलं की सांगणारा थांबतो. परतीच्या बसमध्येच तिनं मला ‘नेक्स्ट’ काढून बटणावर ‘हूं’ लिहायला लावलं.

*

तीच पोरं परत बोलावली. नदी तीच, शेवट तोच, स्किप सोडलं तर बदललेला फक्त एक शब्द! खेळ संपल्यावर एका पोरीनं मोबाइल खाली ठेवला.

"मॅडम, मीच हूं म्हटलं ना. मीच पाठवलं त्याले."

सुधीर उगाच चहा सांगायला खाली गेला.

*

पाऊस सरून रस्ता उघडला, तशी वनिता घरी गेली. परतली तेव्हा तिच्याजवळ मोबाइल नव्हता. विचारलं, तर तिनं सांगितलं.

मायला वाचता येत नाही. वनिता वाचून दाखवायची, माय बटण दाबायची. गेममधला भाऊ औषध कमरेला बांधून काठावर आला. मागे वळून म्हणाला, "माय, निघू?"

खाली ‘हूं’चं बटण. मायचं बोट थांबलं.

"दाब ना माय, पुढं हाय अजून."

"त्या दिवशी म्हटलं होतं मी हूं," माय म्हणाली. "आज नाई म्हणत."

मोबाइल तिनं अलगद फळीवर ठेवला. संध्याकाळी बॅटरी उतरत आली, तशी तिनंच हाक मारली.

"वने, चार्जिंगले लाव. पोरगं काठावर उभं हाय."