शिंप्याचं घर

कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत माझ्याबरोबर लिथुआनियाचा एक इंजिनियर होता. पन्नाशीतला, एकटा, कमी बोलणारा. एका शुक्रवारी नमाजानंतर त्याला रुमैथियातल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. बायकोने सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या.

गावाकडच्या गोष्टी निघाल्या. आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर. शेजारी एक ज्यू कुटुंब होतं, हे मी सहज बोलून गेलो. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, घरात मराठी बोलणारे. पूर्वी तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी डबी तिरकी ठोकलेली असायची, आत त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं. येता-जाता त्या घरातल्या काकी तिला बोटं लावून ओठांना लावायच्या.

त्याने हातातला घास खाली ठेवला. डबी किती उंचीवर असायची, असं विचारलं. मी हाताने दाखवलं. मग जे बोलला, ते त्याने कुवेतमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो आजीच्या घरात वाढला. तिथल्या चौकटीवर रंगाखाली तशीच तिरकी खूण होती आणि खिळ्यांची दोन भोकं. लहानपणी तो त्यांत बोट घालायचा, तेव्हा आजी त्याचा हात ओढून घ्यायची. कारण तिने सांगितलं ते अगदी शेवटच्या दुखण्यात. घर एका ज्यू शिंप्याचं होतं. युद्धात जर्मन आले आणि त्यांच्या हुकमाने गावातल्याच काही माणसांनी दंडाला पट्ट्या बांधून सगळ्या ज्यूंना जंगलात नेलं. आधी पुरुषांना, मग बायका-मुलांना. खड्डे खणून ठेवलेलेच होते. गोळ्यांचे आवाज गावात ऐकू येत होते. शिंप्याची मुलगी आजीच्या वर्गात होती. पुढे आजीच्या वडिलांनी ते घर घेतलं, आणि त्या मुलीचा पलंग आजीला मिळाला.

"उशीला तिच्या केसांचा वास होता म्हणे," तो म्हणाला. "आजी त्याच उशीवर झोपायची."

आजी गेल्यावर त्याने शिंप्याच्या नातलगांचा पुष्कळ शोध घेतला. कुणी उरलंच नव्हतं.

मग त्याने विचारलं, तुमच्या शेजाऱ्यांचं काय झालं? मी म्हटलं, ठाण्याला गेले, काकी अजून आहेत, ईदला आठवणीने फोन करतात. त्यांच्याशी बोलता येईल का, असं त्याने विचारलं.

मी फोन लावला आणि काकींना मराठीत सगळं सांगितलं.

"त्या पोरीचं नाव काय रे?" त्यांनी विचारलं.

त्याने नाव सांगितलं. काकींनी ते चुकीचं उच्चारलं, त्याने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांना नीट जमलं.

"त्याला सांग, शनिवारी सिनेगॉगमध्ये तिच्या नावाने प्रार्थना करवून घेते. कुणीतरी करायला हवी ना."

मी ते इंग्रजीत सांगितलं. तो हात धुवायला उठला आणि बराच वेळ बेसिनपाशी उभा राहिला. परत आला तेव्हा बायकोने त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली. तो मान खाली घालून जेवला.

आता करार संपवून तो मायदेशी गेला आहे. आजीकडून आलेलं शिंप्याचं ते घर तो विकत नाही, आणि त्यात राहतही नाही. त्याच गावात भाड्याच्या खोलीत असतो.