अंधारबाई

वीज उपकेंद्रात ड्युटी करणाऱ्या त्या बाईला सगळं गाव 'अंधारबाई' म्हणायचं. वीजघरात कोळसा कमी पडला की वरून फोन यायचा, आज अमुक वस्ती बंद. बटण ती दाबायची, म्हणून शिव्याही तिलाच. टेकडीवरच्या बंगल्यांचं नाव मात्र त्या फोनवर कधी निघायचं नाही.

तिच्या धाकट्या भावाचा खालच्या वस्तीत बर्फाचा कारखाना होता. "ताई, तुझ्या कृपेनं आता मी नुसतं पाणी विकतो," असं तो थट्टेनं म्हणायचा. त्या उन्हाळ्यात त्याची थट्टा आटली.

एका दुपारी खालच्या वस्तीची तार तुटली. बाईनं ती लाइन बंद करून स्विचच्या पेटीला कुलूप घातलं. बाईनं ती लाइन बंद करून स्विचच्या पेटीला कुलूप घातलं. तेवढ्यात फाटक कोसळलं आणि सळया घेतलेला जमाव आत घुसला. सगळ्यांच्या पुढे भाऊ.

"लाइन चालू कर!"

"अरे, खांबावर माणूस आहे. जरा दम धर."

"रोज नवी थाप! बंगल्यांत एसी चालतात आणि माझा माल गटारात वाहतोय!"

कुणी टेबल उलटलं, कुणी फोन उपटून भिंतीवर आपटला. भावानं तिच्या कानाखाली जाळ काढला. तरी ती पेटीला पाठ लावून उभीच. मग त्याची सळई तिच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. तिनं चावी डाव्या हातात घेतली आणि फुटक्या खिडकीतून ट्रान्सफॉर्मरच्या आवारात भिरकावली.

भाऊ तिकडे धावला.

"नको जाऊस! तिथे बंगल्यांची लाइन चालू आहे!" ती किंचाळली.

"गप्प बस!" म्हणत तो कुंपणावर चढला. तोल सावरताना हातातली सळई वर गेली, तारेजवळ. निळा लोळ उठला, खिडक्या थरथरल्या. भाऊ आत कोसळला, शर्ट पेटलेला.

बाईनं मुख्य बटणावर मूठ मारली. टेकडीसकट सगळं गाव बंद पडलं. जमाव वाट फुटेल तिकडे पळाला. लोंबकळत्या मनगटानं ती आवारात शिरली, मातीनं आग विझवली आणि त्याला एका हातानं ओढू लागली. त्याची कातडी तिच्या बोटांना चिकटून आली. वायरमन सुखरूप उतरून धावत आला, तेव्हा दोघांनी मिळून त्याला दवाखान्यात नेलं.

भाऊ वाचला, उजवा हात खांद्यापासून कापावा लागला.

वरच्या साहेबांनी जाब विचारला, "बंगल्यांची लाइन कुणाला विचारून पाडलीस?"

"भाऊ जळत होता," ती म्हणाली.

पोलिसांनी विचारलं, मनगट कुणी मोडलं? तिनं भावाचंच नाव घेतलं. भावजय तिच्या अंगावर धावून आली. "वन्सं, त्यांचा हात गेला, आता तुरुंगातही धाडताय?"

"खांबावरच्या माणसालाही बायको आहे," बाई म्हणाली.

दवाखान्यात दाराशी पोलीस शिपाई बसलेला असायचा. ती रोज डबा घेऊन जायची आणि डाव्या हातानं भावाला भरवायची. तो तोंड उघडायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही.