चार रिकाम्या सीटा

शिरपूर स्टँडवर इंदूरची बस लागलेली होती आणि मी अजून आमच्याच फाट्यावर, नानांच्या काळीपिवळी जीपमध्ये, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन बसले होते. आजूबाजूला नऊ माणसं. नाना, म्हणजे माझे वडील, खाली उभे राहून हाका मारत होते, "शिरपूर, शिरपूर, अजून एक बसेल." घरातली पहिली ग्रॅज्युएट पोरगी बँकेच्या नोकरीला उज्जैनला निघालेली, आणि बाप सीट भरल्याशिवाय जीप हलवायला तयार नाही. मी चिडले. ते म्हणाले, "माय, रिकाम्या सीटांनी रस्ता लांबतो." बस जेमतेम मिळाली. रागाच्या भरात मी खिडकीतून हातसुद्धा केला नाही.

फाट्यावरच्या मंडळींनो, तुम्ही विचारता, आता कार घेतली, मग कमी काय? कार माझ्या पगाराची आहे, हे मी ताठ मानेनंच सांगते. पण आता कोथिंबीर आणायलाही चावी उचलते. उज्जैनात घर नानाखेड्याला, बँकेची शाखा पार दुसऱ्या टोकाला, भैरवगढला. मधे टावर चौक, पूल, महाकालला आलेल्यांच्या गाड्या. सोमवारी तर बॅरिकेड. "आगे बंद है मैडम, घुमा लो." घुमवलं की पुन्हा तोच जाम. काच वर, एसी चालू. बाजूच्या गाडीतही एकच माणूस, तोही समोर बघत. एकटी राहते, त्यामुळे शाखेत पोचेपर्यंत कित्येकदा मी माझा स्वतःचा आवाजही ऐकलेला नसतो. तुमच्यातले जे पुण्याला, सुरतेला गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गेल्या थंडीत नाना आले. गुडघ्यांपायी त्यांची जीप सुटली होती. म्हटलं, चला, माझी शाखा दाखवते. टावर चौकात अडकलो. पाच मिनिटं गाडी हलली नाही. मग नानांनी मागे वळून सीटांकडे पाहिलं, काच खाली केली आणि मला काही कळायच्या आत हाक मारली, "भैरवगढ, भैरवगढ!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कडेला दोन बायका कापडाची गाठोडी घेऊन उभ्या होत्या. त्यातली थोरली म्हणाली, "सवारी गाड़ी है क्या, काका?"

"बेटी की गाड़ी है. बैठो तो सही."

त्या बसल्या. भैरवगढला छपाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या होत्या, तळहात रंगानं निळे. नानांचं हिंदी ऐकून धाकटी हसत राहिली. थोरली मला म्हणाली, "मैडम, आपको तो रोज देखते हैं. हम यहीं खड़े रहते हैं. कांच बंद रहता है आपका."

मी तीन वर्षं त्याच चौकातून जात होते.

नाना गावी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दोघी दिसल्या, आणि मी काच वरच ठेवली. कुणी शाखेतलं बघितलं तर? ही मैडम सवाऱ्या भरते म्हणतील. भैरवगढपर्यंतचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना.

तिसऱ्या दिवशी काच खाली केली. नानांसारखी हाक काही माझ्या गळ्यातून निघाली नाही. नुसतीच बघत राहिले. थोरलीनं गाठोडं उचललं.

आता त्या रोज येतात. जाम तेवढाच आहे. त्या उतरल्या की शाखेपर्यंतचा तुकडा पुन्हा एकटीचा, आणि संध्याकाळ तर सगळीच. पण मागच्या सीटवर कापडाचा ओलसर, रंगाचा वास राहतो, आणि तो असेपर्यंत मला आपण गावाकडच्या घरून निघालोय असं वाटतं.

पूर्वी नाना फोनवर विचारायचे, "पोचली का?" आता विचारतात, "किती सीट भरली?"

"दोन, नाना. माझ्यासकट तीन."

पलीकडून तोच फाट्यावरचा आवाज, आता जरा थकलेला.

"अजून एक बसेल, माय."