चर्चासत्र सर

कुणीही, कुठंही बोलायचं थांबलं की आमचे इतिहासाचे सर उठून विचारायचे, "कुणाला प्रश्न?" म्हणून अख्खी हिंगोली त्यांना 'चर्चासत्र सर' म्हणायची. कॉलेजची सहल औंढा नागनाथला गेली तेव्हा आम्ही कीर्तनाला बसलो. बुवांचं निरूपण संपलं, आरतीचं तबक यायच्या आत सर उभे! बुवांनी असं काही बघितलं की आम्ही पोरी तोंडात पदर कोंबून बसलो.

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या श्रमदानात त्यांनी आधी 'खड्डा का खणावा' यावर चर्चा ठेवली. ती संपेस्तोवर गावकऱ्यांनी खड्डा खणून टाकला. "बघा, चर्चेचा परिणाम!" सर म्हणाले.

त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.चा विषय दरसाल बदलायचा. प्राचार्यांनी टोमणा मारला, तर म्हणायचे, "घाई काहून? विचार करून राहिलो." वर्गात मात्र जो प्रश्न विचारणार नाही तो बाहेर. मी तिथंच बोलायला शिकले. घरी वडलांपुढं, बापूंपुढं, माझी जीभ रेटत नसे.

बी.ए.चं शेवटचं वर्ष आलं आणि माझा जीव टांगणीला लागला. बापू जवळा बाजारला मास्तर, मी हिंगोलीत मावशीकडं. "हिंगोलीत एम.ए. निघालं तर कर, औरंगाबादला न्हाई," हा त्यांचा शेवटचा शब्द. आणि ते काढायचं का नाही हे ठरवायला विद्यापीठाची समिती यायची होती.

समिती आली. अध्यक्षांनी भजी हाणली, शाल घेतली, संशोधनावर, समाजसेवेवर लांबलचक बोलले आणि शेवटी म्हणाले, "मुलींनी उच्च शिक्षणासाठी शहरात यावं." सर उठले. "कुणाला प्रश्न?" प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. मी सवयीनं उभी राहिले. "ज्यांना घरचे पाठवत नाहीत त्यांनी काय करायचं?"

"त्यांनी घरच्यांना समजवावं," अध्यक्ष हसून म्हणाले.

"उत्तर अपुरं आहे," सर म्हणाले.

झालं! एम.ए. बोंबललं. प्राचार्य सरांवर कडाडले, "तुमी कॉलेजचं वाटोळं केलं!" सर थंडपणे म्हणाले, "वर्ग न्हाई दिला. शिकायला कुठं मनाई केली?" आणि बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून माझं नाव घालून त्यांनी घरच्या ओसरीवर मला आणि आणखी दोघींना शिकवायला घेतलं. पगार नाही, सुट्टी नाही. असला वेडा माणूस!

दिवाळीनंतर बापू मला घरी न्यायलाच आले. स्थळ आलं होतं. सरांनी त्यांना ओसरीवर बसवलं, तास पुरा केला आणि विचारलं, "कुणाला प्रश्न?"

बापू पडले मास्तर, त्यांना राहवेना. "पोरगी आनखी किती शिकनार?"

"ते तिला विचारा," असं म्हणून सर पाणी आणायला आत निघून गेले.

मेले मी! "बापू, एम.ए. होऊ द्या," मी म्हटलं. "मग तुमी म्हणाल ते... न्हाई, मग बी मला कॉलेजात शिकवायचंय." बापूंच्या डोळ्यांत बघून मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते.

बापूंनी चपला पायात सरकवल्या. मग उठले. "स्थळाला न्हाई कळवतो," एवढंच म्हणाले.

आज सर नाहीत, बापूही नाहीत. त्या संध्याकाळी बापू जवळा बाजारच्या एस.टी.त एकटेच बसले आणि मी सरांच्या ओसरीवर पोटभर रडले.