मॅग्नेटो घरात, गाडी अंगणात

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. या सदरात लोक पांढऱ्या साडीतल्या बाया आणि उलट्या पावलांचे पाहुणे लिहून पाठवतात, ते मी वाचतो आणि चहाबरोबर हसून सोडून देतो. आमच्या भागात वाघ, विंचू, हिवताप आणि लाकडाचे ठेकेदार एवढं सगळं खरंखुरं असताना भ्यायला भूत कशाला लागतं? तरी लिहितो आहे, कारण परवा एका लग्नात आमच्याच नात्यातला एक शहाणा चार लोकांत हा प्रसंग रंगवून सांगत होता आणि शेवटी म्हणाला, "दैवी कृपा होती, दुसरं काय!" कृपा... माझं डोकं असं फिरलं की जेवणावरून उठलो. तर आता ऐकाच, कसली कृपा ते.

गाव व्याहाड. आज जिल्हा चंद्रपूर म्हणतात, तेव्हा नुसता चांदा होता आणि गडचिरोलीही त्याच जिल्ह्यात होती. मूलकडून गडचिरोलीला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो आणि पुढे वैनगंगा आडवी येते. तेव्हा पूल नव्हता. माणसं, बैलगाड्या, सगळं डोंग्यावरून, म्हणजे नावेवरून पलीकडे जायचं, आणि पूर आला की डोंगाही बंद. महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली असतील.

घरात आम्ही तिघं. माय, मी आणि माझा थोरला भाऊ नामदेव. मी धानाची शेती बघायचो. भाऊ नदीच्या अलीकडे असलेल्या लाकूड डेपोत ट्रक दुरुस्त करायचा. डेपोचा ठेकेदार पलीकडे गडचिरोलीला राहायचा. त्याचं नाव घेत नाही. मेला बिचारा... बिचारा आपलं रीत म्हणून म्हणायचं.

या ठेकेदाराने लढाईनंतरच्या लिलावात बाकी भंगाराबरोबर एक इटालियन मोटरसायकल उचलली होती. ती कधी चाललीच नाही. डेपोच्या मागे पडून होती, तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता. एका दसऱ्याला ठेकेदार अवजारांच्या पूजेला आला, आपट्याची पानं वाटून झाली, मूड चांगला होता. भाऊ त्या गाडीकडे बघत उभा होता तर म्हणाला, "ने रे नामदेव, तुझीच समज." आमच्या गावचे पाटील तिथे होते. वेल्डिंगचं काम करणारे रहीमचाचा होते. दोघांनी आपल्या कानांनी ऐकलं. भाऊने त्याच संध्याकाळी बैलगाडीत घालून ती घरी आणली.

ती गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. आपल्या गाड्यांचं सिलिंडर उभं असतं, हिचं आडवं, पुढे तोंड करून झोपलेलं. आणि डाव्या बाजूला उघडंच एक मोठं लोखंडी चाक, फ्लायव्हील, इंजिनाबरोबर गरगर फिरणारं. रहीमचाचा त्याला चक्की म्हणायचे. त्या चक्कीने भाऊचं एक धोतर खाल्लं, तेव्हापासून तो अर्धी चड्डी घालायला लागला. आवाज तर असा संथ, की एकेक ठोका मोजून घ्यावा. ढब... ढब... ढब... म्हातारं माणूस जिना उतरतं तसा.

तीन वर्षं भाऊ तिच्यामागे लागला होता. सुटे भाग इटलीहून कोण आणून देणार? ट्रकची पिस्टन रिंग घासून घासून तिच्या मापाची केली. सायलेन्सर रहीमचाचांकडून वाकवून वर घेतला, नाल्याच्या पाण्यात बुडू नये म्हणून. हवा ओढायच्या तोंडावर मायचा पितळी लोटा बूड कापून बसवला, त्यासाठी मायने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मागच्या टायरला चीर होती, तिच्यावर ट्रकच्या टायरचा तुकडा चामड्याच्या वादीने शिवला. गाडी चिखलातून गेली की दर वेढ्याला त्या शिवणीचा फुलीसारखा ठसा उमटायचा. आणि टाकीला रंग कुठला? तर पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतो तो लाल.

पोळ्याचा विषय निघालाच आहे तर ते पण सांगून टाकतो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहून सोलवटलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी भरवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. आता बैलाचं ठीक आहे. पण आमच्या या महाशयांनी मोटरसायकलची खांदमळणी सुरू केली! हँडलला तूप-हळद, आवतन, दुसऱ्या दिवशी अंगणात तिच्यापुढे पितळी ताट. गाव हसायचं. पोरी विचारायच्या, नामदेवभाऊ, तुमची बैल चारा खाते का रॉकेल पिते. भाऊ म्हणायचा, काम करते तो बैल.

आणि काम ती करायचीच. साप चावलेला माणूस असो नाहीतर अडलेली बाई असो, भाऊ मागे बसवून मूलच्या दवाखान्यात न्यायचा. हे नाव व्हायला लागलं आणि तिथेच माशी शिंकली. ठेकेदाराचा मुलगा नागपूरहून शिकून परत आला. डेपोत आला, गाडी चालती बघितली, आणि त्याला एकदम आठवण झाली की ही आपल्या बापाची आहे. भंगार होती तेव्हा कोणाची नव्हती!

पोळ्याच्या आठवडाभर आधी तो माणसं आणि बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. भाऊ फार तर दोन वाक्यं बोलला असेल. मी भांडलो, शिव्या दिल्या, मायने मला आत ओढलं. त्यांनी किक मारून पाहिली, सुरू होईना, म्हणून बैलगाडीत घालून नदीपार नेली. सुरू कशी होणार? पावसाळ्यात मॅग्नेटो ओल धरतो, म्हणून भाऊ तो काढून चुलीजवळच्या फळीवर ठेवायचा आणि लागेल तेव्हाच बसवायचा. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी देणारा डबा. तो नसेल तर टाकीत पेट्रोल ओता नाहीतर गंगाजल ओता, गाडी हूं का चूं करत नाही. तो डबा आमच्या फळीवर राहिला.

मी खूश झालो. पाटलांकडे गेलो. ते म्हणाले, माझ्या कानांनी ऐकलं आहे, मी पंचांसमोर सांगतो. रहीमचाचाही तयार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पंच बसवायचं ठरलं, ठेकेदाराकडे निरोप गेला, आणि गावासमोर तोंड काळं नको म्हणून त्यानेही मुलाला पाठवायचं कबूल केलं. गाडी परत येणार हे नक्की होतं. भाऊने फक्त उभं राहून 'माझी आहे' एवढं म्हणायचं होतं.

मग नदीला पूर आला आणि डोंगा बंद झाला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी झाली. भाऊ आत आला, फळीवरचा मॅग्नेटो घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याला तूप-हळद चोळायला लागला. डोळे भरलेले. हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला हसूही येईना आणि रडूही येईना. माय पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली.

पोळ्याचा दिवस. दुपार उलटली होती, पाऊस उघडला होता. बैल तोरणाखालून मिरवून आले, त्यांना पोळी भरवली. मायने पानं वाढली. भाऊने अंगणात शहाबादी फरशीवर पितळी ताट मांडलं, पाच पोळ्या ठेवल्या, आत येऊन भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, पाहुणा जेवल्याशिवाय मी जेवत नाही. मायने समजावलं, मी खेकसलो. ढिम्म. मग मी रागारागाने तो मॅग्नेटो घेऊन दाराशी बसलो आणि तूप पुसायला लागलो. तुपाने त्याची वाट लागली असती आणि उद्या पंचांसमोर गाडी सुरू करून दाखवायची होती.

तेव्हा आवाज आला.

ढब... ढब... ढब... नदीच्या रस्त्याने. मी मान वर केली. दुसरी मोटरसायकल अख्ख्या पंचक्रोशीत नव्हती, आणि असती तरी हा आवाज दुसरीचा नव्हता. आवाज गल्लीत वळला, आमच्या फाटकातून आत आला आणि अंगणात थांबला. माझ्यापासून पाच-सहा हातांवर. गाडी उभी राहून धडधडावी तसा तिथेच चालू राहिला. अंगणात काही नव्हतं. सडा, रांगोळी आणि ताट. पण ताट फरशीवर थरथरत होतं, त्याचा खडखड आवाज येत होता, आणि जळक्या तेलाचा वास माझ्या नाकात भरला होता. मॅग्नेटो माझ्या हातात होता. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग आवाज वळला, फाटकाबाहेर गेला, आणि जिथून आला तिकडेच लांब लांब होत गेला.

आतून भाऊ म्हणाला, "माय, वाढ आता."

तेवढ्यात रहीमचाचा धावत आले. त्यांचं दुकान रस्त्यावर, त्यांनीही ऐकलं होतं. दारातूनच विचारलं, "मिली क्या गाडी?" मी हातातला मॅग्नेटो दाखवला. मग आम्ही दोघांनी अंगण बघितलं. ताटात पोळ्या तीन उरल्या होत्या. फरशीजवळ तेलाचे ताजे थेंब. सड्याच्या ओल्या मातीत टायरची रेघ, आत आलेली आणि बाहेर गेलेली, आणि दर वेढ्याला ती शिवणीची फुली. रस्त्यावर गेल्यावर ती पोळ्याच्या बैलांच्या खुरांत हरवली. पोळ्या कुत्र्याने नेल्या म्हणा, माझी हरकत नाही. फुलीचं काय?

इथपर्यंत ऐकून लोक हात जोडतात. पुढचं कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मारबत. पोरं मारबतीचं बुजगावणं गावाबाहेर न्यायला निघाली होती, ईडापिडा घेऊन जा म्हणून ओरडत होती. पूर ओसरला होता, डोंगा सुरू झाला होता. ठेकेदाराचा मुलगा गाडी घेऊन आला, बैलगाडीतच. मी आधी जाऊन पाहिलं. इंजिन थंड, मॅग्नेटोची जागा रिकामी, टायरला ओला चिखल. हा चिखल कसला, म्हणून विचारलं तर म्हणाला, गोदामात कुलूपबंद होती, काय माहीत.

पंच बसले. पाटलांनी सरळ सांगितलं, दसऱ्याला दिली होती, मी होतो तिथे. चाचांनी तेच सांगितलं. मग पाटील म्हणाले, नामदेव, बोल. भाऊ उठला. अंगरख्याखालून मॅग्नेटो काढला, गाडीपाशी गेला, बसवला, वायर जोडली, किक मारली. गाडी सुरू झाली. आणि हँडल त्याने त्या पोराच्या हातात दिलं.

मी त्याचा दंड धरला. काय करून राह्यला, म्हणून ओरडलो. सगळ्या गावादेखत.

तो म्हणाला, "बैल दुसऱ्याच्या गोठ्यात गेला, तं त्याचं एक शिंग आपल्या घरी ठेवाचं का? आवतन दिलं, ते जेवून गेली. माहं झालं."

पाटील मान खाली घालून उठून गेले. चाचा नंतर महिनाभर आमच्या घरी आले नाहीत. मारबतीच्या मागोमाग ती लाल गाडी गावाबाहेर गेली आणि पोरं तिच्यामागेही ओरडत धावली.

पुढे व्हायचं तेच झालं. त्या पोराने तेल न बघता पळवली, उन्हाळ्यापर्यंत पिस्टन जाम. भंगार पुन्हा भंगार झालं, फक्त या वेळी आमच्या दारात नाही. तेव्हाच जवळच्या एका वस्तीवरची बाई अडली होती. तिला खाटेवर घालून नेलं, रस्त्यातच गेली. गाडी असती तर वाचली असती का, मला माहीत नाही. भाऊने पुन्हा कधी मोटरसायकलला हात लावला नाही. ट्रक दुरुस्त करत राहिला आणि त्याच ठेकेदाराकडे. तो समाधानी होता हो, हेच मला सहन झालं नाही! जिंकलेला डाव हातातून सोडायला त्याला कोणीतरी येऊन सांगून गेलं होतं, आणि लोक त्याला कृपा म्हणतात.

शाळामास्तर म्हणाले, भास झाला, उपाशी होता तुम्ही. चाचा काही उपाशी नव्हते. आणखी कोणी म्हणालं, ठेकेदाराच्या मुलानेच दुसरा मॅग्नेटो लावून आणली असेल. पुरातून? डोंगा बंद असताना? आणि आणली तर ती दिसली का नाही? मी याच्यावर माझं अर्धं आयुष्य घालवलं, माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. पण ती कशी आली हे मला नका सांगू, ते मी केव्हाच सोडून दिलं. ठिणगीशिवाय, पुराच्या नदीवरून, कुलूप असलेल्या गोदामातून यायचं बळ जिच्यात होतं, ती दोन पोळ्या खाऊन परत त्या ठेकेदाराच्याच दारात का गेली? आमच्याकडे राहिली का नाही? एवढं सांगा.