बघून ये

रशीद सर गेले, हे त्यांच्या बायकोनं, चाचींनी, फोनवर इतक्या सावकाश सांगितलं की मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. हिंगोलीच्या कचेरीत टेबलाशी बसले होते. मग दिवसभर त्या "बरं"चीच लाज वाटत राहिली. महिना झाला त्याला.

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावच्या शाळेत सर आम्हाला मराठी शिकवायचे. निबंधात कुणी उपमा दिली की तिच्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ यायचं आणि शेजारी दोन शब्द, 'बघून ये'. ती वस्तू खरंच जाऊन बघायची, मगच वही पुढं सरकायची. माझ्या मैत्रिणीनं लिहिलं होतं, बहिणीचे दात मोत्यासारखे. सरांनी वर्गाला विचारलं, "मोती कुणी पाहिलाय का?" आम्ही नकारार्थी माना हलवल्या. "मग रानात जा, कणीस चोळून बघ." दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारीचे दाणे लिहून आणले, आणि आम्हा सगळ्यांना तिची बहीण हसताना दिसली. सर म्हणायचे, "न बघता लिहिलं की वाचणाऱ्यालाबी काई दिसत न्हाई."

नववीत मी 'माझी आई' हा निबंध लिहिला. गाईडातून उचललेलं वाक्य होतं, आईचे हात लोण्यासारखे मऊ. वर्तुळ आलंच. आई तेव्हा हळदीच्या कामाला जायची; माती, पाणी, वाफ... तिच्या बोटांना भेगा होत्या, आणि मला त्यांची लाज वाटायची. ते भर वर्गात उघडं पडलंसं वाटलं. मी ताडकन उठून म्हणाले, "तुमाला आईच न्हाई सर, तुमाला काय कळतंय?" सर लहान असतानाच त्यांची आई वारली होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सरांनी खडू उचलला आणि फळ्याकडे वळले.

त्यानंतर माझ्या वहीत एकही वर्तुळ आलं नाही. बाकीच्यांच्या वह्या पेन्सिलीनं भरून जायच्या, माझी मात्र कोरी, वर चांगले मार्क. इतकी मोठी शिक्षा मला पुन्हा कुणी दिली नाही. आज माफी मागू, उद्या मागू करता करता शाळा संपली, लग्न झालं, नोकरी लागली...

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्यावर लिहिलेला माझा लेख यंदा पुरवणीत छापून आला, तो घेऊन मी सरांकडे गेले. सर खाटेवर पडून होते, श्वासाची तकलीफ होती. माफी मागायचीच, असं ठरवून गेले होते. पण त्यांनी विचारलं, "हापिस काय म्हणतं, पोरी?" आणि मी कचेरीच्याच गोष्टी सांगत बसले. कात्रण उशाशी ठेवून परत आले. भित्री मेली!

परवा चाचींना भेटायला गेले. त्यांनी तेच कात्रण माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "तू गेल्यावर पेन्सिल मागितली बघ. हात थरथर करून राहिला होता, पण मला काई लिहू देईनात." लेखात एक वाक्य होतं, आईचे हात शेवटपर्यंत कापसासारखे मऊ होते. त्याच्याभोवती वाकडंतिकडं वर्तुळ, टोकं न जुळलेली. शेजारी, 'बघून ये'.

मी तिथंच हमसून हमसून रडले. इतक्या वर्षांनी सरांनी मला परत वर्गात घेतलं होतं... आणि आता बघायला आई नव्हती, वही दाखवायला सर नव्हते.

परतताना एका शेतात हळद शिजताना दिसली, तिथं जीप थांबवून उतरले. कढईजवळच्या बाईनं विचारलं, "काय पाह्यता, ताई?"

"तुमचे हात," मी म्हणाले.

"अवो, त्यात काय पाह्याचं!" म्हणत ती हसली आणि दोन्ही पंजे पुढं केले. मी बराच वेळ बघत राहिले. घरी येऊन कात्रणातलं ते वाक्य पेन्सिलीनं खोडलं. त्या जागी अजून काही लिहिता आलेलं नाही.